पलीकडच्या खोलीतलं व्हायोलिन

चित्र १. तैलरंग. वास अजून जात नाही.

भिंतीवर हातभर अक्षरांत प्रदर्शनाचं नाव लावलंय, 'पलीकडच्या खोलीतलं व्हायोलिन'. तिचं एकटीचं हे पहिलंच प्रदर्शन. दादा पलीकडच्या खोलीत वाजवायचा, अलीकडे ती रंगवायची. गेली काही वर्षं घरात हाच शिरस्ता. थोड्या वेळाने गॅलरीवाल्या बाई तिला चार शब्द बोलायला उभं करणार आणि ती नेमकं हेच सांगणार होती. सांगणार होती म्हणजे, दादाने कोपर धरून तिला खांबाआड ओढलं नसतं तर.

"चिमे, रागावू नकोस. वर्षभर मी वाजवलेलंच नाही."

"म्हणजे?"

"खांदा गेलाय माझा. जुनं रेकॉर्डिंग स्पीकरवर लावून बसायचो."

"आणि हे आत्ता सांगतोस? लोक आत आलेत, दादा!"

"तू चारचौघांत मला डोक्यावर घेणार, म्हणून आत्ता सांगतोय. इतके दिवस बोललो नाही, कारण तू ब्रश खाली ठेवशील अशी भीती होती गं."

चित्र ५. किंवा ६. आकड्यांकडे तिचं लक्ष नाही.

कुठलं त्याच्या हाताचं, कुठलं स्पीकरचं? स्वतःच रंगवलेली चित्रं, आणि ती परक्या घरात शिरल्यासारखी एकेकापुढे उभी. या निळ्याला धाप लागलीय. म्हणजे हे खरं? की नुसता ब्रश सुकला होता? शेजारचे एक गृहस्थ मान डोलावत म्हणाले, "सूर ऐकू येतात हो!" यांनाच विचारावं, असं तिला वाटलं. कुठले?

"हे?" तिने दादाला विचारलं.

"स्पीकर."

"हे तरी?"

"तेही. नाही, थांब. हे मी. बहुतेक."

"बहुतेक काय बहुतेक! खांदा तुझा की माझा?"

मधल्या भिंतीवर मोठं पिवळं. यासारखं दुसरं तिच्या हातून झालं नव्हतं.

"हे तुझंच. पैज लाव."

दादा बघतच राहिला. "त्या दिवशी वीज गेली होती, चिमे. काहीच वाजत नव्हतं. मी जीव मुठीत धरून बसलो होतो. आता येशील, का थांबलास म्हणून विचारशील."

"मग?"

"तू आलीच नाहीस."

ही तक्रार होती की सुटका, तिला कळेना. त्या दिवशीचं वाजवणं तर तिच्या कानात अजून

चित्र

"या, या, सगळे या!" गॅलरीवाल्या बाईंनी टाळ्या वाजवून माणसं गोळा केली आणि तिला पिवळ्यापुढेच उभं केलं. "हे संगीत आलं कुठून, ते आता हिच्याच तोंडून ऐकू या."

"पलीकडच्या," ती म्हणाली. मग, "खोलीत." कुणीतरी खोकलं. पाठ केलेलं सगळं खोटं ठरलं होतं, आणि खरं काय ते तिलाच ठाऊक नव्हतं. मग होतं तेवढंच तिने काढलं. त्या दिवशी ऐकलेलं ती गुणगुणू लागली. गळा तिला कधीच नव्हता.

लोकांनी एकमेकांकडे पाहिलं. दादा वाट काढत जवळ आला.

"हे काय आहे? हे मी कधीच वाजवलेलं नाही."

ती थांबली नाही. दादाच्या डाव्या हाताची बोटं कोटाच्या बाहीवर सूर शोधू लागली. चुकली. पुन्हा चुकली.

तिने मानेनेच 'तसं नाही' म्हटलं आणि पहिल्यापासून सुरुवात केली.