टीनाचं नाव आधी

अड्याळच्या रीता निनावेची साहसकथांची मालिका पुण्याचा एक प्रकाशक काढत असे. मालिकेत टीना आणि भुपेंद्र ही भावंडं होती. चोराच्या मागावर जायची ती टीना, वैनगंगेच्या पुरात डोंगा, म्हणजे लहान लाकडी होडी, घालायची तीही टीनाच. पण शीर्षकांचा साचा संपादकांनी पहिल्याच पुस्तकाला ठरवून टाकला होता: आधी मुलाचं नाव, मग जागा, शेवटी ‘रहस्य’. ‘भुपेंद्र आणि तलावाचे रहस्य’, ‘भुपेंद्र आणि गिरणीचे रहस्य’, अशी पाच पुस्तकं निघाली. पहिलं पुस्तक निघतंय याच आनंदात रीता तेव्हा काही बोलली नव्हती.

सहाव्या पुस्तकात भुपेंद्र शिकायला नागपूरला गेला आणि टीना एकटी उरली. रीतानं नाव दिलं, ‘टीना आणि बुडालेला डोंगा’. संपादकांनी फोनवर समजावलं, की मालिकेची नावं एका वळणाची असली तरच दुकानात ओळखू येतात, आणि मुलीच्या नावाचं पुस्तक मुलगे हातात घेत नाहीत. भुपेंद्र गोष्टीत नसला तरी चालेल, मुखपृष्ठावर हवा. रीतानं पुस्तक परत मागितलं. दुसरा प्रकाशक तिच्या ओळखीचा नव्हता.

त्याच सुमारास करडीच्या शाळेतल्या उषाबाईंनी तिला मुलांशी बोलायला बोलावलं. वर्गातल्या फळीवर तिचीच पुस्तकं होती, पण तिला ती ओळखू आली नाहीत. मुलांनी त्यांना जुन्या कॅलेंडरच्या कागदाची कव्हरं घातली होती आणि वर स्केचपेननं पुस्तकांना आपण ठरवलेली नावं लिहिली होती. ‘टीना आणि तलावातला चोर’. ‘टीना गिरणीत अडकली’. अक्षरं वेगवेगळ्या हातांची होती. निम्मी तर मुलग्यांची, असं उषाबाईंनी सांगितलं.

रीतानं विचारलं, नाव का बदललं?

मागच्या बाकावरचा मनिष उठला. “भुपेंद्र तर झाडावर बसून पाहात राहाते, बाई. सारं टीनाच करते. मंग नाव त्याचं काहून?”

रीतानं तिथूनच संपादकांना व्हिडिओ कॉल लावला आणि मनिषला तेच पुन्हा बोलायला लावलं. संपादकांनी एकेक कव्हर जवळून दाखवायला सांगितलं. पाचही त्यांनी पाहिली.

“सहावं टीनाच्या नावानं काढू,” ते म्हणाले.

“सहावंच नाही सर. आधीची पाचही बदला.”

एवढं आपण बोललो याचं रीतालाच नवल वाटलं. संपादक हसले. नवी आवृत्ती तशीही काढायचीच होती, म्हणाले. आणि साचा ठेवायचाच तर हा नवा ठेवू.

धानकापणीच्या दिवसांत नव्या पुस्तकांची खोकी करडीला आली. संपादक स्वतः आले होते. रीता एकेक पुस्तक उचलून नाव वाचू लागली, तर ती तोंड उघडायच्या आधीच सारा वर्ग ओरडायचा, “टीना आणि...” पुढचे शब्द तिनं वाचायचे. सहाव्या पुस्तकापर्यंत आवाज इतका चढला, की शेजारच्या बांधीत धान कापणाऱ्या बाया विळे थांबवून शाळेकडे पाहू लागल्या. रीताला पुढचं वाचवेना. तिला हसू आवरत नव्हतं. शेवटी ‘बुडालेला डोंगा’ही वर्गानंच म्हटलं.