टोपीखालची पाचर

मी जुना आहे म्हणून नाक मुरडू नका, मित्रांनो. मी भांडी धुणारं यंत्र आहे. लोक मला डिशवॉशर म्हणतात. गेली अकरा वर्षं मी या एकाच स्वयंपाकघरात, ओट्याच्या उजव्या अंगाला उभा आहे. माझ्या दाराला एक पोचा पडलाय आणि बटणांवरची अक्षरं पुसट झालीत, हे मान्य. पण माझ्यातून निघालेला काचेचा पेला उजेडात धरून बघा. त्यावर एक डाग दाखवलात, तर मी नाव सांगणार नाही.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. तिथे शेवटच्या टेबलापाशी एक तपासनीस बाई बसत. त्यांनी माझ्यात पाणी भरलं, माझ्या पत्र्याला कान लावला आणि पाठीवर शिक्का मारला. तो शिक्का अजून आहे. भिंतीकडे असल्यामुळे कोणाला दिसत नाही, त्याला माझा इलाज नाही.

या घरात मी काही चैन म्हणून आलो नाही. घरची सून नर्स आहे. दवाखान्यात तिला दिवसातून चाळीस वेळा हात धुवावे लागतात. त्याने बोटांची सालं निघायची, पेरांवर भेगा पडून रक्त यायचं. डॉक्टरीणबाईंनी बजावलं, "घरी साबणाच्या पाण्यात हात घालायचा नाही." तिचा नवरा शाळेत भूगोलाचा मास्तर आहे. तो आठवड्याच्या आत मला घेऊन आला. दोन महिन्यांत तिचे हात बरे झाले. तेव्हापासून या घरात मी मान ताठ ठेवून राहतो.

घरात आजोबाही आहेत, म्हणजे नर्सचे सासरे. पन्नास वर्षं त्यांनी सुतारकाम केलं. त्यांना डुगडुगणारी वस्तू सहन होत नाही. खिशात लाकडाच्या चपट्या पाचरी कायम असतात. खुर्ची हलली, सार पाचर. कपाट कललं, सार पाचर. "आमच्या घरात काही हलत नाही," असं ते आल्यागेल्याला छाती फुगवून सांगतात.

एका सोमवारी दुपारी माझ्या तळाशी पडलेला चमचा काढताना त्यांचा हात एका छोट्या प्लास्टिकच्या टोपीला लागला. टोपी हलली. आता मित्रांनो, ही टोपी हलण्यासाठीच असते. आत पुरेसं पाणी आलं की ती तरंगून वर येते आणि मला कळतं, की पुरे झालं, आता पाणी थांबवायचं. आजोबांना वाटलं, खिळखिळी झाली. त्यांनी ती वर उचलली, खाली पाचर बसवली, बोटाने दाबून पाहिली आणि समाधानाने हात झटकले. असल्या बारीकसारीक दुरुस्त्या ते दिवसभर करत असतात. त्यामुळे कोणाला सांगायचं त्यांच्या मनातही आलं नाही.

संध्याकाळी नर्सने बटण दाबलं. मी घुं घुं केलं, पण पाणी काही घेतलं नाही. कसं घेणार? टोपी वर होती, म्हणजे माझ्या लेखी पोट भरलेलं. भरलेल्या पोटात आणखी पाणी ओढून सगळ्या लादीवर तळं करणाऱ्यांतला मी नाही. पण घरच्यांना वाटलं, मी बिघडलो.

मास्तरांनी माहितीपुस्तिका मधूनच उघडली आणि कामाला लागले. मागचा नळ पाहिला, तो उघडा होता. नळी पिळली होती का, तेही पाहिलं. नळीच्या तोंडाची जाळी जुन्या टूथब्रशने घासली. नळी काढून बादलीत धरली, तर पाण्याचा असा फवारा आला की मास्तरांचा सदरा भिजला. दारही नीट लागत होतं. पाणी माझ्यापर्यंत येत होतं, पण आत शिरत नव्हतं. मग मेकॅनिकला बोलावलं. त्याने मला पुढे ओढलं, मागून टॉर्च मारला आणि म्हणाला, "पाणी घेणारा व्हॉल्व्ह गेलेला दिसतोय. इतक्या जुन्याचे पार्ट मिळत नाहीत हो. नवीनच घ्या." त्याने माझ्या पोटात डोकावूनही पाहिलं नाही. इतका अपमान माझा आजवर कोणी केला नव्हता.

रविवारी सकाळी भंगारवाल्याने मला घेऊन जायचं ठरलं. तोवर सगळे हातानेच भांडी घासत होते. मास्तर घासत, आजोबाही घासत. पण कामावरून आल्यावर सिंकमध्ये पातेली दिसली की नर्सला राहवायचं नाही. चार दिवसांत भेगा परत आल्या, आणि शनिवारी तिच्या सहा बोटांना पट्ट्या होत्या. हे बघत नुसतं उभं राहणं मला फार जड गेलं.

रविवारी चहाच्या वेळी तिने ती पुस्तिका हातात घेतली. हातांना दुसरं काही करता येत नव्हतं, म्हणून पहिल्या पानापासून वाचू लागली. मध्येच मोठ्याने म्हणाली, "अरे, हे पाहिलंस का? तळाच्या कोपऱ्यात एक टोपी असते म्हणे. ती सहज वरखाली हलली पाहिजे. ती वर अडकली तर पाणी येत नाही."

मास्तर म्हणाले, "आता काय पाहायचं? भंगारवाला येतोच आहे अर्ध्या तासात."

आजोबांनी कप खाली ठेवला. ते गप्प राहिले असते, तर मी भंगारात गेलो असतो, पाचरही माझ्याबरोबर गेली असती, आणि कोणाला काही कळलं नसतं. पन्नास वर्षांचं नाव तसंच राहिलं असतं. त्यांनी सुनेच्या पट्ट्यांकडे पाहिलं.

"ती अडकलेली नाही," ते म्हणाले. "मी पाचर मारलीय तिला. हलत होती, म्हणून."

आजोबा गुडघे धरत माझ्यासमोर बसले, भांडी ठेवायची खालची जाळी काढली आणि पाचर ओढून काढली. टोपी टपकन खाली बसली. नर्सने बटण दाबलं आणि मी अकरा वर्षांतला सगळ्यांत मोठा आवाज करत पाणी घेतलं.

"पोरी, तुझे हात माझ्यामुळे फाटले," आजोबा म्हणाले.

"बाबा, बरं झालं सांगितलंत," नर्स म्हणाली. "नवीन मशीन आलं असतं, तर तुम्ही त्यालाही पाचर मारली असतीत."

यावर सगळ्यांत आधी आजोबाच हसले. भंगारवाल्याला मास्तरांनी चहा पाजून परत पाठवलं.

मित्रांनो, मला माझ्या कामाचा गर्व आहे, तो मी लपवत नाही. पण त्या सकाळी मी ज्यांच्यामुळे वाचलो, त्यांचा मला त्याहून जास्त अभिमान वाटतो. तुमच्या घरातली एखादी वस्तू अडली, तर तिला बाहेर काढण्याआधी सगळ्यांना एकदा विचारा, "हिला कोणी काही केलंय का?" आणि तुम्ही केलं असेल, तर लाज वाटली तरी सांगा. आजोबांनी सांगितलं, म्हणून सूनबाईंच्या बोटांवर आज एकही पट्टी नाही.