साक्षीदार गाल

"हात खाली घाल."

"घातलेत की."

"मांडीखाली घाल, आत्या. नुसते मांडीवर ठेवलेस तर मधेच उचलशील, मला माहितीये."

"काय बाई फौजदार झालीये ही!" असं म्हणत आत्याने खरंच दोन्ही हात मांडीखाली सरकवले आणि त्यांच्यावर जड होऊन बसली. ती स्टुलावर, आणि मी तिच्या गिऱ्हाइकांच्या खुर्चीत! पायाने पंप मारला की सुस्कारा टाकत वर जाणारी ती खुर्ची माझ्या जन्माच्या आधीपासून आमच्या पुढच्या खोलीत आहे. त्या खोलीलाच सगळे आत्याचं पार्लर म्हणतात. एक खुर्ची, एक आरसा, आणि टॉवेलांचा ढीग. तो ढीग नेहमी पडायच्या बेतात असतो, पण पडत कधीच नाही.

मी बाटलीतले दोन थेंब बोटांच्या टोकांवर घेतले आणि डाव्या गालाला लावले.

"चोळू नकोस!"

"चोळत नाहीये."

"नुसतं दाब. हलकं."

"तेच करतेय! चोळणारी तू आहेस, मी नाही."

मी दाबलं. आणि अहाहा! केस कापून आल्यावर मानेवर राहिलेले बारीक तुकडे कॉलरखाली कसे टोचतात? तसंच, पण पूर्ण गालभर. जिथे बोट टेकवावं तिथे हजार सुया जाग्या होत होत्या. मी खुर्चीतल्या खुर्चीत उडी मारली.

"टोचतंय?"

"टोचतंय! मस्त टोचतंय!"

"मस्त कसलं, वेडे. टोचतंय की जळतंय, ते सांग. दोन्हींत फरक असतो."

मी डोळे मिटून नीट विचार केला. "टोचतंय."

"मग ठीक," आत्या म्हणाली, आणि तिचे खांदे खाली आले. हात मात्र अजून मांडीखालीच होते. शहाणी गं माझी आत्या ती!

आता हे हातांचं प्रकरण काय ते सांगते. आत्याचा एक नियम आहे. कुठलीही नवी वस्तू आली, क्रीम असो, ब्लीच असो, लेप असो, ती आधी स्वतःच्या उजव्या गालावर लावून बघायची. डाव्या गालाला अजिबात हात लावायचा नाही. "दोन्हीकडे लावलं तर ताडून कशाशी बघणार? एक गाल साक्षीदार पाहिजे," असं ती म्हणते. इतकी वर्षं हे चाललंय, त्यामुळे आता आत्याचे दोन गाल दोन वेगवेगळ्या बायकांचे वाटतात. डावा कसा पाहुण्यांना बसवायच्या खोलीसारखा नीटनेटका. उजव्यावर एका ब्लीचने दिलेला तपकिरी डाग, कुठल्याशा लेपाने पाडलेला पांढरट ठिपका, आणि सगळीकडे जराशी खरखर. बाबा तिचे धाकटे भाऊ, त्यांना चिडवायला काय लागतं! "आमच्या ताईचा एकच गाल कमावतो," ते म्हणतात, "दुसरा नुसता बसून खातो."

घरातल्या कुठल्याही फोटोत बघा, आत्या मान वळवून उभी. उजवा गाल एकाही फोटोत सापडायचा नाही.

तर ही बाटली आणली ती सॅम्पलवालीने. कंपन्यांची नवी क्रीमं दाखवायला दर महिन्याला चाकांची बॅग ओढत येते. म्हणाली, "हे नवीन आहे, आत्याबाई. यात समुद्रातल्या स्पंजापासून काढलेल्या सुया आहेत, मिठाच्या कणाहून बारीक. पिंपल येणाऱ्या त्वचेसाठी खास. कोपऱ्यावरच्या मोठ्या सलूनने तर पेटीच्या पेटी उचलली!"

कोपऱ्यावरच्या मोठ्या सलूनचं नाव काढलं की आत्या टॉवेलांची घडी पुन्हा घालायला लागते. ते सलून उघडल्यापासून आमची खुर्ची दुपारच्या दुपार रिकामी असते. मी शाळेतून येऊन तिच्यात बसून अभ्यास करते, यावरून काय ते समजा. नेमाने येणारी एकच उरली होती, ती नर्सताई. दिवसभर मास्क लावून तिच्या हनुवटीवर पुटकुळ्यांची रांगच उठते. तिला हे सिरम हवंच होतं. रोज खिडकीतून डोकावून विचारायची, "झालं का तुमचं बघून?"

आत्याने नियमाप्रमाणे आधी स्वतःच्या उजव्या गालाला लावलं. आणि लावलं कसं? जन्मभर गिऱ्हाइकांच्या गालांना लावते तसं. खालून वर, गोल गोल, घसाघसा! सुया बिचाऱ्या आत जायच्या त्या पार घुसल्या. गाल असा लाल झाला की आईने भाजी टाकून धावत येऊन बर्फ दिला. मग मी बाटलीवरचा कागद मोठ्याने वाचला, "दाबावे, चोळू नये." आत्याने दुसऱ्या दिवशी दाबायचा प्रयत्न केला. दोनदा दाबलं, आणि तिसऱ्यांदा बोटं आपोआप गोल फिरायला लागली.

"हात ऐकतच नाहीत गं," ती आपल्या बोटांकडे बघत म्हणाली. दुसऱ्या कुणाची तरी पोरं असावीत आणि उगाच आपल्या अंगणात येऊन धुडगूस घालत असावीत, तशी.

"आणि तसंही आत्या, तुला पिंपल येतात कुठे? हे पिंपलवाल्यांसाठी आहे. या घरात पिंपल कुणाला आहेत?" मी दोन्ही हात पसरून स्वतःला सादर केलं. "हाजिर!"

"अजिबात नाही. दुसऱ्याच्या चेहऱ्यावर मी आधी काही करून बघत नसते."

"मी दुसरी आहे? मी?"

दोन दिवस मी तिचं डोकं खाल्लं. उगाच नाही ती मला टकळी म्हणत. शेवटी तिने हार मानली, पण अटी घालून: एकच गाल, तोही डावा, कारण 'उजवा माझा'. लावायचं मीच, आणि ती हात मांडीखाली घालून समोर बसणार.

मला घाई होती त्याचं कारण वेगळं होतं. शाळेच्या वार्षिक कार्यक्रमात सूत्रसंचालन माझ्याकडे आलं होतं! गेल्या वर्षीपर्यंत मी गालांवर केसांचे पडदे सोडून शेवटच्या बाकावर बसणारी मुलगी होते. यंदा जिन्यात मी एका मुलाशी भांडत होते, बाईंनी ते ऐकलं आणि म्हणाल्या, "हा आवाज स्टेजवर पाहिजे." त्या दिवसापासून मी केस मागे बांधते. आता फक्त गालांनी साथ द्यायला हवी होती.

आणि गाल साथ देत होता! आधी थोडे पापुद्रे निघाले, मग एका सकाळी हात फिरवला तर डावा गाल मऊ. जुने काळपट डाग फिके पडले होते. शाळेत माझ्या बाकावरच्या मैत्रिणीने माझं तोंड धरून इकडून तिकडून वळवून बघितलं. "इकडून तू जाहिरातीतली, तिकडून तू 'आधी'ची!" ती ओरडली. आख्खा वर्ग बघायला आला. गेल्या वर्षी असं झालं असतं तर मी बाकाखाली शिरले असते. यंदा मी दोन्ही गाल पाळीपाळीने दाखवले, वर "हा साक्षीदार, हा आरोपी," अशी ओळखही करून दिली.

आत्या रोज मला उजेडात खिडकीशी उभी करायची. हात पाठीमागे बांधून, मान तिरकी करून बघायची. नंतर टॉवेलांची घडी एकदाच घालायची. मला कळायचं. तिची खुर्ची पुन्हा भरणार होती.

मग कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी गालाच्या मधोमध एक पुटकुळी उठली. साधीच, मला नेहमी येते तशी. मी नेहमीसारखं सिरम लावलं, तिच्यावरूनही. यावेळी टोचलं नाही, जळलं. सकाळपर्यंत तिथे करवंदाएवढा टप्पोरा, लालभडक गोळा उभा होता, आणि त्याच्या आजूबाजूला तसेच चारपाच धाकटे.

आत्याने मला खिडकीशी नेलं. बराच वेळ बघितलं. मग खाली बसली.

"पहिल्यांदाच दुसऱ्याच्या गालावर केलं," ती म्हणाली, "आणि नेमकं..."

"नेमकं कळलं ना पण!" मी म्हणाले. खरं सांगते, मला एका बाजूला रडू येत होतं आणि दुसऱ्या बाजूला नाचावंसं वाटत होतं. "बघ ना! डागांवर चालतं. उठलेल्या पुटकुळीवर नाही चालत! तुझ्या गालावर हे कळलं असतं का? कधीच नाही! आपण शोध लावलाय, आत्या!"

"शोध," ती म्हणाली. हसली जराशी.

दुपारी सॅम्पलवाली आली. आत्याने मला पुढे केलं. "दोन बाटल्या ठेव. फक्त डागांसाठी. उठलेल्या पिंपलला मी लावणार नाही."

"आत्याबाई, बाटलीवरच लिहिलंय की हो, पिंपल येणाऱ्या त्वचेसाठी!"

"बाटलीला गाल नसतो," आत्या म्हणाली.

सॅम्पलवाली जाते न जाते तोच नर्सताई आली, ड्यूटीवरून थेट. तिच्या हनुवटीवर सगळी रांग टवटवीत होती. आत्याने तिलाही माझा गाल दाखवला. "तुला आत्ता नाही गं. आधी हे बसू दे, मग डागांचं बघू."

"किती दिवस लागतील?"

"ते मी कसं सांगू?"

नर्सताई थोडी घुटमळली. "कोपऱ्यावर लगेच करतात, म्हणे."

"करतात," आत्या म्हणाली.

नर्सताई गेली. मी खिडकीतून बघितलं. घराकडे जायला तिला डावीकडे वळायचं असतं. ती सरळ कोपऱ्याकडे गेली. आत्याने बघितलं नाही. ती टॉवेलांची घडी घालत होती.

मग तिने डाग झाकायच्या मलमाची डबी उघडली. "ये इकडे. लपवून टाकते. पावडरचा एक हात मारला की लांबून कळणारही नाही."

"मग तुझाही लपव. तुझा कुठे अजून बरा झालाय?" खरंच, तिचा उजवा गाल अजून गुलाबी होता, पापुद्रे निघत होते.

"माझं काय? मला कोण बघतंय?"

इतकं साधं म्हणाली ती, दूध संपलंय म्हणावं तसं. मी डबी तिच्या हातातून घेऊन झाकण लावलं.

"राहू दे," मी म्हणाले. "लागला शोध तर लागला."

आणि कार्यक्रम? काय सांगू! सभागृह खचाखच, दिवा थेट माझ्या तोंडावर. पहिल्या वाक्याला आवाज किंचित थरथरला, दुसऱ्या वाक्याला आख्खं सभागृह हसलं, आणि त्यानंतर मी जी सुटले! माइक मधेच बंद पडला तेव्हा मी माइकशिवाय बोलले आणि मागच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं. गालाची आठवण फक्त एकदाच आली, आत्या दिसली तेव्हा. बाबा-आईच्या शेजारी, मान जराशी उजवीकडे वळवून बसलेली, नेहमीसारखी. टाळ्या मात्र अशा वाजवत होती की शेजारच्या बाई दचकून बघत होत्या. ते हात मांडीखाली राहण्यातले नव्हते.

शेवटी फोटोवाल्याने आम्हाला पडद्यापुढे उभं केलं. "मावशी, सरळ बघा," तो म्हणाला. आत्याने सवयीने मान वळवली, माझ्याकडे. मी तिच्या उजव्या हाताला उभी होते. मी आणखी जवळ सरकले आणि माझा डावा गाल तिच्या उजव्या गालावर दाबला. हलकेच. चोळला नाही.

"अगं, दुखेल तुला," ती पुटपुटली.

"टोचतंय," मी म्हणाले. "जळत नाहीये."

तो फोटो आता आरशाच्या कोपऱ्यात खोचलेला आहे. त्यात दिसतात ते फक्त आमचे साक्षीदार गाल, एक तिचा, एक माझा. खुर्चीत बसलं की समोरच येतो. आज सकाळी तिथे कुणीच नव्हतं, तरी आत्याने फडकं घेऊन आरसा पुसला. फोटोजवळ आल्यावर मात्र तिने गोल गोल पुसणं थांबवलं आणि फडकं नुसतं दाबून उचललं.