गच्चीवरचं लाल बटण

ताईचं काम एका ओळीचं होतं: विमान दिसलं की लाल बटण दाबायचं, म्हणजे झोत बंद. लहानसहान विमानं कधीकधी अवकाश केंद्राच्या यंत्रांनाही चकवतात, आणि लेझरचा तो न दिसणारा झोत वैमानिकाच्या डोळ्यांत गेला तर डोळे कामातून गेलेच समजा. म्हणून गच्चीवर माणूस हवाच. ताईनं उभा जन्म पोहण्याच्या तलावाकाठी काढलेला, दुसऱ्यांच्या पोरांवर डोळ्यांत तेल घालून नजर ठेवत. तिला हे काय अवघड!

अवघड नाही कसलं डोंबल! आज त्या झोतात बारक्याचा जीव अडकला होता. बारक्या म्हणजे तिचा धाकटा भाऊ, खाली नियंत्रण कक्षात बसलेला साहेब. त्याचं यान दूरच्या ग्रहाजवळ पोचलं होतं, यानाचा रेडिओ मेला होता, आणि इंजिन चालू करायचा हुकूम आजच्या आज लेझरनं धाडायचा होता. नाही पोचला तर यान ग्रहाला ओलांडून जाईल ते कायमचंच. दुसऱ्या केंद्रावर ढग. हुकूम सलग जायला हवा, मध्येच तुटला की पहिले पाढे पंचावन्न. आणि ग्रह तर टेकडीकडे कलायला लागलेला.

"झोत सुटला," फोनवर बारक्याचा आवाज आला. "ताई, आता श्वाससुद्धा जपून घे."

संध्याकाळचा उजेड अजून होता. ताई मान वर करून बसली. मानेला रग लागली तरी हलली नाही.

आणि टाकीच्या मागून ते आलं. एवढंसं विमान, डुलत डुलत, नेमकं झोताच्याच दिशेनं.

"वळ रे बाबा, वळ," ती पुटपुटली. वळतंय कसलं!

"बारक्या, विमान आलंय."

"लांब असेल गं! थोडंच राहिलंय. ताई, नऊ वर्षं घातलीत मी यात. हात जोडतो तुला."

या पोराला तिनं अंगाखांद्यावर खेळवलं होतं. त्यानं मागितलं आणि तिनं दिलं नाही, असं आजवर झालं नव्हतं. विमान जवळ आलं. आता त्याची खिडकी दिसत होती.

तिनं बटण दाबलं.

फोनमधून नुसता कल्लोळ ऐकू आला. विमानानं मात्र रमतगमत डोक्यावर एक गिरकी घेतली. मेल्याला आजच हौस आली होती! ते पार दिसेनासं होईपर्यंत तिनं अंगठा उचलला नाही. मग झोत पुन्हा सुटला, हुकूम पहिल्यापासून निघाला, आणि अर्ध्यावर असतानाच ग्रह टेकडीआड गेला.

जिन्यात पावलं वाजली. बारक्या वर आला, चेहरा पांढराफटक. आता हा तोंडाला येईल ते बोलणार, ताईला वाटलं. बोलू दे, त्याचा हक्कच आहे.

"तुझं वाटोळं केलं रे मी," तिला रडू फुटलं.

तो तिच्या शेजारी फरशीवरच बसला.

"मी हात जोडत होतो ना," तो म्हणाला, "तेव्हा एकच धास्ती होती, ताई. तू माझं ऐकशील याची."

आणि तिच्या मांडीत डोकं खुपसून तो ओक्साबोक्शी रडायला लागला.