उजव्या चाकाचं वंगण

इंद्रभान सुताराने आयुष्यभर बैलगाड्या बांधल्या. त्याच्या मुलाने, गुलाबरावाने, लाकडाला हात लावला तो फक्त कॅमेऱ्याच्या तिवईपुरता. महाराष्ट्र राज्य होऊन थोडीच वर्षं झाली होती. गुलाबरावाने लष्कराच्या मोडीतली एक जीप आणि तिच्यामागचा दोनचाकी ट्रेलर मिळवला, ट्रेलरवर पत्र्याची खोली चढवली आणि बाजारोबाजार फिरणारा फोटो स्टुडिओ काढला. खोलीत एका बाजूला फोटो धुण्याची अंधारी कोठडी होती, दुसऱ्या बाजूला झोपायची फळी. त्यांच्या उंद्री गावची पोरं तिला घरगाडी म्हणत.

फोटो गुलाबराव काढी, ते धुण्याचं काम त्याची बायको अन्नपूर्णा करी. सगळ्यांत अवघड काम इंद्रभानाकडे होतं. कॅमेऱ्यासमोर उभा राहिला की भलाभला माणूस फौजदाराने पकडून आणल्यासारखा ताठ होई. मग इंद्रभान गुलाबरावाच्या बाजूला येऊन उपरण्याचा पदर डोक्यावर घेई आणि लग्नात रुसलेल्या विहिणीचं सोंग काढी. समोरचा हसला की गुलाबराव बटण दाबी. म्हाताऱ्याची बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. घरात तो दिवसभर मुका बसे, पण गाडी गावाबाहेर पडली की त्याच्या तोंडाला कुलूप राहत नसे.

त्याची एकच खोड होती. त्याला कुठलंही यंत्र गप्प बसू देत नसे. धामणगाव बढ्याला जीपचं पाणी गळायला लागलं तेव्हा त्याने गुलाबरावाला न विचारता रेडिएटरमध्ये हळद ओतली. चिमूटभर ओतली असती तर गळती थांबलीही असती. याने वाटीभर ओतली. भर बाजारात जीपने पिवळी वाफ सोडली आणि लोक फोटो काढायचं सोडून तीच बघत बसले.

"बाबा," गुलाबराव तेव्हा म्हणाला होता, "आता गाडीच्या एका नटालेही हात लावला, तर तुमाले उंद्रीले घरी बसवीन. मंग बसा भिंतीसंगं बोलत."

आणि गुलाबराव बोलला की करी.

म्हणूनच पिंपळगाव राजाच्या बाजाराला निघायच्या दिवशी अन्नपूर्णाचा जीव टांगणीला लागला होता. ट्रेलरच्या दोन्ही चाकांची बेअरिंगं धुऊन त्यांत नवं ग्रीस भरायचं होतं. डावं चाक गुलाबरावाने स्वतः केलं. उजवं करायला शेजारचा सहदेव येणार होता, आणि गुलाबराव जीपमध्ये पेट्रोल भरायला गेला. सहदेव आलाच नाही. अन्नपूर्णा भाकऱ्या बांधून बाहेर आली तर उजवं चाक बसवून तयार, आणि तिचे सासरे, मामाजी, हात पुसताहेत. त्यांनी तिच्याकडे बघून ओठांवर बोट ठेवलं. परत आलेल्या गुलाबरावाला वाटलं, सहदेव येऊन गेला. तिने ते तसंच वाटू दिलं.

घाट सुरू व्हायच्या आधी एका लिंबाखाली त्यांनी गाडी थांबवली. अन्नपूर्णा सवयीने ट्रेलरच्या चाकांकडे गेली. डाव्या तुंब्यावर, चाकाच्या मधल्या गोल भागावर, तिने हात ठेवला, तो निवांत राहिला. उजव्यावर ठेवला आणि झटकन मागे घेतला. दोन्ही चाकं एकाच रस्त्याने आली होती, ओझं सारखंच होतं, ऊनही सारखंच. फरक फक्त हाताचा होता.

तिने वर बघितलं. इंद्रभान तिच्याकडेच बघत होता.

"सुनबाई," तो हळूच म्हणाला, "थंडं होईन ना थोड्या वेळानं?"

"मामाजी, पुढं घाट आहे."

"हाव," तो म्हणाला, आणि जमिनीकडे बघू लागला.

चाक घाटात निखळलं तर काय होईल, हे गाड्या बांधणाऱ्याला सांगायची गरज नव्हती. अन्नपूर्णाने हाक मारली, "आहो, उजवा तुंबा तापला!"

गुलाबरावाने जॅक लावला. चाक हाताने फिरेना. नट तर इतका आवळलेला, की पान्यावर उभं राहावं लागलं. "सहदेवानं काय रागानं आवळला का बे हा?" तो पुटपुटला. मग त्याने बेअरिंग बाहेर ओढलं, आणि त्याच्यामागून करपट वासाची, एरंडेलात भिजलेली अंबाडीच्या धाग्यांची गुंडाळी निघाली. बैलगाडीच्या आसाला वंगण धरून राहावं म्हणून सुतार गुंडाळतात तशीच. अर्धे धागे बेअरिंगच्या रुळांत अडकले होते.

गुलाबरावाने धागे बोटांत धरून बापाकडे पाहिलं.

"मले वाटलं, नुसतं ग्रीस वाहून जाईन," इंद्रभान म्हणाला. "अन चाक डुगडुगत होतं, म्हणून आवळलं."

"काऊन पण बाबा? काऊन हात लावला?"

"सहदेव आला नाही. तुले उशीर होऊन राह्यला होता."

"बस झालं. चिखलीकडं जानारी येष्टी येईनच आता. बसा तिच्यात अन उतरा उंद्रीले."

म्हाताऱ्याने आपलं उपरणं झटकून खांद्यावर नीट घातलं. तेवढ्यात वळणापलीकडे बसचा भोंगा वाजला आणि गुलाबराव रस्त्याच्या मधोमध जाऊन उभा राहिला.

अन्नपूर्णाने तोवर बेअरिंग घासलेटात धुतलं होतं. एकेक धागा काढून तिने रूळ उजेडात फिरवून पाहिले. कुठे ओरखडा नव्हता. तिने लाकडी चमच्याने डब्यातलं ग्रीस काढलं, चांगला मोठा गोळा, आणि सासऱ्याच्या ओंजळीत टाकला.

"मामाजी, असं तळहातावर घ्या, अन बेअरिंग त्याच्यावर दाबा. दाबत राहा, ग्रीस वरून निघेस्तोवर."

"आता?"

"आताच. लवकर."

बस थांबली तेव्हा इंद्रभान कोपरापर्यंत काळा झाला होता. नाक खाजवल्याने मिशीही सुटली नव्हती.

"कोन चढते?" कंडक्टरने दार उघडून विचारलं.

"हे आमचे बाबा," गुलाबराव म्हणाला.

कंडक्टरने बाबांना वरून खाली पाहिलं. "हे? अन धरतीन कशाले? दांड्याले का शिटाले? आतमंदी नवरीकडचं वऱ्हाड आहे बाप्पा, साऱ्याइचे नवे कपडे. संध्याकाळच्या गाडीनं या न्हाऊन-धुऊन." त्याने घंटी वाजवली. खिडकीतल्या बायका इंद्रभानाची मिशी बघून फिदीफिदी हसल्या, आणि इंद्रभानाने, सवय जाता जात नाही म्हणून, त्यांना विहिणीसारखं नाक मुरडून दाखवलं. अख्खी बस हसत गेली.

गुलाबराव धुळीत उभा राहिला. मग त्याने बायकोच्या हातांकडे पाहिलं.

"तुये हात तर साफ दिसून राह्यले."

"मले फोटो धुवाचे असतात," अन्नपूर्णा म्हणाली. "ग्रीसचा डाग पडला तर गिऱ्हाईक तुमाले बोलते."

"अन गोळा येष्टीचा भोंगा ऐकूनच काढला?"

"चाक आजच बसवाचं होतं ना?"

गुलाबरावाला हसू आवरेना. ते लपवायला तो चाकापाशी जाऊन बसला. तिघांनी बेअरिंग बसवलं. नट आवळताना गुलाबरावाने बापाला चाक फिरवत ठेवायला लावलं, मग नट किंचित मागे सोडला, पिन घातली. चाक आता बोटाच्या धक्क्याने आवाज न करता फिरत राहिलं.

"असं ढिलं ठेवतेत काय?" इंद्रभान म्हणाला.

"असंच. अन पुन्हा या नटाले हात लावला, तर..." गुलाबरावाने चिखलीकडच्या रस्त्याकडे पाहिलं. तिकडे आता काहीच नव्हतं. "तर अन्नपूर्णाले इचारून लावा," तो म्हणाला, आणि जीप सुरू करायला गेला.