एक, दोन, तीन, हं

माझी भाची साडेपाच फूट उंच आहे आणि सगळं जग तिला पिटुकली म्हणतं. यात जगाची चूक नाही. अकराव्या वर्षी ती पहिल्यांदा लोकांपुढे गायली तेव्हा खरोखरच पिटुकली होती. गाणं गाजलं, नाव चिकटलं, आणि ते कपांवर, दप्तरांवर, उशांच्या अभ्र्यांवर छापून झाल्यावर मुलीने उंच व्हायला घेतलं. गाण्यांच्या कंपनीने तिला चपटे बूट दिले, फोटोत एक पायरी खाली उभं केलं. सोळा वर्षांची होईपर्यंत हे असंच चाललं. घरी आम्ही तिला पिटू म्हणतो.

मी तिची मावशी. दातांच्या दवाखान्यात बाहेरच्या टेबलाशी बसते आणि लोकांना आत पाठवते. कोण मुकाट्याने खुर्चीत बसेल आणि कोण पाणी पिऊन येतो म्हणून पसार होईल, हे मला चेहऱ्यावरून कळतं. गाण्यातलं मात्र मला ओ का ठो कळत नाही. त्यामुळे पुढे जे झालं त्यात माझं काम फक्त बसायचं होतं, आणि ते मला येतं.

पिटूची आई, म्हणजे माझी ताई, हिला मोजायची सवय. पोरीला इंजेक्शन द्यायचं असलं तरी एक, दोन, तीन, हं. थंड पाण्यात उडी मारायची असली तरी तेच. हे ‘हं’ म्हणजे चार. पण चार म्हटलं की पोरगी बिचकायची, ‘हं’ म्हटलं की जायची. मोठ्या मैदानांवर गाणाऱ्यांच्या कानात एक बारीक यंत्र घालतात. त्यात आधी टकटक वाजते आणि मग गाणं सुरू होतं. पिटूला त्या टकटकीने रडू फुटलं. तेव्हा आवाजाची यंत्रं सांभाळणारा माणूस ताईला म्हणाला, “तुम्हीच मोजा बाई, मी ते भरून ठेवतो.” ताईने मोजलं. पिटू गायली. तेव्हापासून प्रत्येक गाण्याच्या आधी तिच्या कानात तिची आई होती. बाहेर कुणाला ऐकू जायची नाही. खरं सांगायचं तर आम्हालाही त्याचा विसर पडला होता. माणूस सकाळी उठताना आधी कुठला पाय खाली टाकतो, ते कोण लक्षात ठेवतं?

मग ते संगीत नाटक आलं. दिग्दर्शक बाई फटकळ होत्या. पहिल्याच भेटीत त्यांनी ताईला तोंडावर सांगितलं, “तिच्या नावाने तिकिटं खपतील म्हणून घेतेय. गाते चांगली, हा फायदा. अभिनय येत नाही, तो मी बघते.” ताईचा चेहरा पडला. पिटूचा उजळला. तिला इतकं सरळ कुणी बोललंच नव्हतं.

नाटक एका पाववाल्याच्या मुलीचं होतं. पहिल्या अंकाच्या शेवटी बाप दुकान टाकून निघून जातो. मुलगी एकटी उरते, अंगावरचा एप्रन काढते, त्याची घडी घालते आणि गायला लागते. नाटकात कानात यंत्र नाही. वादक रंगमंचापुढच्या खड्ड्यात बसतात, आणि त्यांना चालवणारे मास्तर एका उंच स्टुलावर. मास्तर सत्तरीचे, नाकावर चष्मा, खिशात कायम सोललेले बदाम. त्यांनी पिटूला सांगितलं, “तू श्वास घेतलास की मी काठी खाली आणणार. आधी तू, मग आम्ही. घाई नाही.”

पहिल्या तालमीला पिटूने घडी घातली आणि ती उभी राहिली. मास्तरांनी काठी उचलली आणि तेही थांबले. ती त्यांची वाट बघतेय, ते तिची वाट बघताहेत. पहिले आप, पहिले आप. कर्णेवाल्याने तेवढ्यात नाक शिंकरून घेतलं. कुणालाच कळेना घोडं कुठे पेंड खातंय. मग मागच्या रांगेतून ताईचा आवाज आला, “एक, दोन, तीन, हं,” आणि पिटू अशी गायली की झाडणारी बाई झाडू टेकून उभी राहिली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. दिग्दर्शक बाईंनी नाही वाजवल्या.

दुसऱ्या दिवशी तेच झालं, तिसऱ्या दिवशीही तेच. ताई म्हणाली, “एवढं काय त्यात? कानात बारीकसं यंत्र घाला, केसांत दिसणारही नाही.”

“नाही,” बाई म्हणाल्या. “नाटकातल्या या मुलीला आपण गाणार आहोत हे माहीतच नाही. ज्याला माहीत नाही तो तीनवर कसा सुरू करेल?”

“पण ती घाबरते.”

“ती नाही हो, तुम्ही घाबरता. उद्यापासून तुम्ही तालमीला येऊ नका.”

अठराच्या आतल्या मुलीबरोबर घरचं वडीलधारं माणूस हवं, असा नाट्यगृहाचा नियम होता. म्हणून माझी वर्णी लागली. मी दवाखान्यातून रजा काढली. ताई ओट्यापाशी उभी राहून भांडी पुसत होती, माझ्याकडे न बघता म्हणाली, “माय मरो पण मावशी जगो. म्हणतात ते खोटं नाही.”

“मी मागितलं नव्हतं गं.”

“तू कधीच काही मागत नाहीस. तुला मिळतं.” मग तिने ताटली जोरात ठेवली. “अकरा वर्षांची पोर थरथरत होती. मी काय करायला हवं होतं? टकटक ऐकवत राहायला हवं होतं?”

मला तिची दया आली आणि रागही आला. मी ती ताटली उचलून फळीवर ठेवली.

मी विंगेत एका लाकडी पेटीवर बसायचे. तिथून पिटूची डावी बाजू दिसायची. दिग्दर्शक बाईंनी मला पहिल्याच दिवशी बजावलं, “रंगीत तालमीनंतर पहिला प्रयोग. त्या दिवशी ती आपली आपण सुरू झाली नाही, तर दुसऱ्या दिवसापासून बदली मुलगी उभी राहील. पोस्टरवर नाव कुणाचंही असो.” बदली मुलगी गुणी होती, विंगेच्या पलीकडे उभी राहून प्रत्येक ओळ ओठांत म्हणायची. तिच्यावर रागावताही येईना.

आता ताई नव्हती, तर पिटू दुसरं काही तरी शोधायची. वरच्या दिव्याच्या गुणगुणण्यावर सुरू झाली. मास्तरांच्या ते ध्यानात आलं, त्यांनी तो दिवा बदलायला लावला. पंख्याच्या करकरीवर सुरू झाली. पंखा बंद करायला लावला. एका दुपारी ती इतकी सुरेख, अचूक सुरू झाली की दिग्दर्शक बाईसुद्धा खुर्चीतून उठल्या. मीही हरखले. मास्तर मात्र स्टुलावरून वळून माझ्याकडे बघत होते.

“मावशी,” ते म्हणाले, “उद्यापासून बूट काढून बसा.”

माझा पाय वाजत होता. मला कल्पनाही नव्हती. सगळे हसले, पिटूही हसली, आणि हसता हसता डोळे पुसायला लागली. दुसऱ्या दिवसापासून मी नुसत्या पायमोज्यांत बसू लागले, पाय वर घेऊन.

घरी परतताना मी तिला विचारलं, “मनातल्या मनात मोजायला काय होतं?”

“मोजते ना. पण ते माझ्या आवाजात येतच नाही. आईच मोजते. आणि मग तेच गाणं होतं, जे नेहमीचं असतं. बाईंना लगेच कळतं.” थोडं चालून ती म्हणाली, “मावशी, मला हे नाटक हवंय. तिकडे मी पाच वर्षं तीच पिटुकली आहे. इथे मला उंच असायला परवानगी आहे.”

ती असं काही बोलेल असं मला वाटलं नव्हतं. मी तिचा हात धरला. तिने धरू दिला, पण रस्ता ओलांडून झाल्यावर सोडवून घेतला.

रंगीत तालमीला ती सुरू झालीच नाही. मास्तरांनी शेवटी काठी खाली ठेवली आणि दोन बदाम खाल्ले. दिग्दर्शक बाईंनी बदली मुलीला कपड्यांची मापं देऊन यायला सांगितलं. आवाज न चढवता सांगितलं, त्यामुळे सगळ्यांना ऐकू गेलं. त्या दिवशी घरी पोचल्यावर ताईने एवढंच विचारलं, “आज?”

“नाही,” मी म्हटलं.

ताईने मान हलवली. तिच्या चेहऱ्यावर आनंद होता असं मी म्हणणार नाही. पण तो नव्हताच, असंही शपथेवर सांगणार नाही.

पहिल्या प्रयोगाला तिला तिसऱ्या रांगेतलं तिकीट दिलं होतं, तोंडातून अवाक्षर काढायचं नाही या अटीवर. जाताना तिने घशाच्या गोळ्यांचं अख्खं पाकीट पर्समध्ये टाकलं. “तोंडात गोळी असली की बोलता येत नाही,” म्हणाली. आपल्याच तोंडाची तिला खात्री नव्हती.

नाट्यगृह तुडुंब भरलं होतं. वरच्या गॅलरीत पिटूचे चाहते होते, पिटुकलीचे अभ्रे झेंड्यासारखे हलवत. पहिल्या प्रवेशात ती आली तेव्हा ते किंचाळले, मग बाप रागावायला लागल्यावर हळूहळू शांत झाले. नाटक बरं चाललं होतं. बाप गेला. पिटूने एप्रन काढला, घडी घातली आणि टेबलावर ठेवली. मास्तरांनी काठी उचलली.

काही झालं नाही.

नाट्यगृहातली शांतता फार मोठी असते. दवाखान्यात एवढी शांतता झाली की मी मासिकं आवरायला घेते. इथे आवरायला काही नव्हतं. कुणी खोकलं. वरून एक पोरगी ओरडली, “पिटुकलीऽ!” आणि दोघी-तिघी हसल्या. पलीकडच्या विंगेत बदली मुलीने दोन्ही हात तोंडावर धरले. पिटूने मान वळवली आणि माझ्याकडे पाहिलं.

मला मोजता येत होतं. ताईच्या घरात वावरलेल्या कुणालाही येतं. ‘एक’ माझ्या जिभेवर आलासुद्धा होता. तिला फक्त ओठ हलताना दिसायला हवे होते. दवाखान्यातल्या खुर्चीत बसण्याआधी लोक माझ्याकडे असंच बघतात, मी काही तरी सांगेन म्हणून. मी त्यांना कधी काही सांगत नाही, कारण आत त्यांनाच जायचं असतं. मी मान खाली घातली आणि माझ्या पायमोज्यांकडे बघत बसले. उजव्याला भोक पडलं होतं. इतकी वाईट मावशी मी याआधी कधी झाले नव्हते.

वर पाहिलं तेव्हा पिटू माझ्याकडे बघत नव्हती. तिने टेबलावरचा एप्रन उचलला, घडी मोडली. हे बसवलेलं नव्हतं. ती बाप ज्या पोत्यावर बसायचा त्या पोत्यावर बसली, एप्रन मांडीवर पसरून हाताने सपाट करत राहिली, जणू आता बराच वेळ आपल्याकडे आहे. मग तिने श्वास घेतला. कसला ताल नाही, काही नाही. दमलेलं माणूस घेतं तसा. आणि ती गायला लागली.

खालच्या पट्टीत नव्हे, पण दबक्या आवाजात आणि फार सावकाश. मास्तरांची काठी उशिरा आली, कर्णेवाल्याचा पहिला सूर हुकला. मी ते गाणं तालमीत शंभरदा ऐकलं असेल. हे मी पहिल्यांदाच ऐकत होते. गॅलरीतले अभ्रे खाली गेले.

प्रयोगानंतर दिग्दर्शक बाई रंगपटात डोकावल्या. “दुसऱ्या कडव्यात घाई केलीस. उद्या सुधार,” म्हणाल्या आणि गेल्या. उद्या! पिटू माझ्या गळ्यात पडली.

ताई आली ती दारातच थांबली. तोंडात अजून गोळी होती. पिटू आरशासमोर बसून रंग पुसत होती. तिने आरशातूनच विचारलं, “आई, मोजलंस?”

“मोजलं.” ताई खोटं बोलत नाही, हा तिचा गुण. “मनात मोजलं. एक, दोन, तीन, हं. तू आली नाहीस. मग पुन्हा मोजलं. तरी तू आली नाहीस. मला वाटलं, गेलं सगळं. मला ते बघवेना. मी खाली वाकून पर्समध्ये गोळी शोधायला लागले.” तिने गोळी गालात सरकवली. “मोजायचं सोडून दिलं, आणि तेव्हा तू सुरू झालीस.”

पिटूच्या हातातला कापूस तसाच राहिला. “मला ऐकूच आलं नाही तुझं,” ती म्हणाली. “पहिल्यांदाच.”

ताईने पुढे होऊन तिच्या कानामागे राहिलेला रंग बोटाने पुसला. खूप वेळ पुसला. तेवढा रंग नव्हता तिथे.

मागच्या दाराबाहेर चाहत्यांची गर्दी असते. त्यातून गाडीपर्यंत पोचायची या दोघींची ठरलेली पद्धत आहे. ताई कडीवर हात ठेवते, मोजते, ‘हं’ म्हणते आणि दोघी एकदम धावतात. आजही ताईने कडीवर हात ठेवला. मी मागे, बूट हातात घेऊन, कारण घालायचं भान राहिलं नव्हतं.

“एक,” ताई म्हणाली, “दोन...”

पिटूने दार ढकललं आणि ती बाहेर गेली. धावत नाही, चालत. पोरींनी तिला घेरलं, तिने कुणाची तरी वही हातात घेतली. त्या सगळ्यांत तिचं डोकं वर दिसत होतं.

दार सावकाश मिटत आलं. ताईचा हात कडी होती तिथेच हवेत राहिला होता. दाराची फट अगदी बारीक झाली तेव्हा ती हळूच म्हणाली, “हं.”