मुठीखालचा जीव

धोंडू राणे पलटणीबरोबर अफगाण मुलखात गेले आणि एक पाय तिथेच ठेवून आले. त्यांचे चिरंजीव शिवदास मेसोपोटेमियाला गेले, ते परतलेच नाहीत. शिवदासांचे सहदेव ब्रह्मदेशातून धडधाकट परतले खरे, पण पुढची तीस वर्षे पाठ भिंतीला लावल्याशिवाय जेवायला बसले नाहीत. अशा घराण्यात मुलगा नाही म्हणून कोणी हळहळले नाही. सहदेवांची एकुलती लेक वनमाला सैनिकी परिचारिका दलात गेली आणि एक्याऐंशी साली कॅप्टन म्हणून निवृत्त झाली.

तिने घाटकोपरला भटवाडीतल्या एका चाळीत खोली घेतली. पहाटे पाचला उठणे, बूट चकचकीत करणे आणि नळावरच्या रांगेला शिस्त लावणे काही तिचे सुटले नव्हते.

"ओ मिल्ट्रीबाई," शेजारची सुगंधा बादली आपटून म्हणे, "नळ आहे हा, परेड नाही! तुमच्या सावधान-विश्राममध्ये पाणी जाईल ना!"

रांग हसे, वनमालाही हसे. मात्र समोरच्या खोलीचे दार उघडले की तिचे हसू विझे. तिथे शेवंती सावंत राहत होती, आणि तिच्यासाठीच तर वनमालाने ही चाळ निवडली होती.

एकाहत्तरच्या लढाईत शेवंतीचा थोरला मुलगा दत्ताराम वनमालाच्या वॉर्डात मदतनीस होता. इस्पितळाच्या तंबूवर तोफगोळा पडला तेव्हा त्याने तिला खाली ढकलले आणि पोलादाचा तुकडा स्वतःच्या अंगावर घेतला. जांघेतली मोठी रक्तवाहिनी फाटली. वनमालाने जखमेत मूठ दाबून धरली, रक्त थांबले. तेवढ्यात मेजरसाहेब ओरडले, "सिस्टर, त्याला सोडा! इकडे तिघे आहेत!" हुकूम तो हुकूम. तिने मूठ उचलली. तिघे जगले, दत्ताराम गेला. असे काही कोणी आईला कळवत नाही. पण राण्यांच्या घरात खोटे लिहिण्याची रीत नव्हती. तिने पत्रात सारे जसेच्या तसे लिहिले.

ती चाळीत आली त्या दिवशी शेवंतीने उंबऱ्यातूनच विचारले, "तू हात कित्या काढलंस?"

वनमालाने हातातली ट्रंक खाली ठेवली आणि ती सावधान उभी राहिली.

"माझो एक जीव तुझ्याकडे रवलो हा. तो परत करशीत, तेव्हाच माझ्याशी बोल."

गिरण्यांच्या संपाला दहावा महिना लागला. शेवंतीबरोबर राहणारा तिचा धाकटा, गिरणी कामगार जयवंत, घरात दोन पोरे उपाशी म्हणून गुपचूप कामावर जाऊ लागला. फितुरीला त्या दिवसांत क्षमा नव्हती. रविवारी भर दुपारी तिघे आले. पुढे चंद्रप्रकाश, जयवंतच्याच खात्यातला संपकरी कामगार, हातात तलवार.

"जया, बाहेर ये रे! कामावर जातोस ना? हजेरी लावायला आलोय तुझी!"

जयवंत आला तो हात जोडूनच. पहिला वार त्या जोडलेल्या हातांवर बसला. दोन बोटे गॅलरीत उडाली. दुसरा वार जांघेत खोल गेला. रक्ताची चिळकांडी वनमालाच्या दारावर उडाली.

ती बाहेर आली, गुडघ्यांवर बसली आणि तिने जखमेत मूठ घातली. रक्त थांबले.

"बाई, बाजूला हो," चंद्रप्रकाश म्हणाला. "हा गिरणीचा मामला आहे."

"माझ्या हाताखाली जखमी माणूस आहे. तू मागे हो."

"ए म्हातारे, हात काढ! तुलाही कापीन."

"काप. हात निघणार नाही."

त्याने तलवारीची मूठ तिच्या तोंडावर हाणली. दोन दात तुटले. ते तिने थुंकून टाकले. मग पाते तिच्या उजव्या खांद्यात उतरले आणि हाडावर करकरले. उजव्या हातातले बळ गेले, तशी तिने त्यावर डावा हात रोवला आणि सारे अंग त्या मुठीवर टाकले.

तिसऱ्या वारासाठी तलवार वर गेली, तोच शेवंती चुलीवरची उकळती पेज घेऊन धावली आणि टोप त्याच्या तोंडावर रिकामा केला. तो किंचाळत जिन्यावरून गडगडला. सुगंधाने दुसऱ्याच्या टाळक्यात बादली घातली. तिसरा पळाला.

"सोडू नको गो!" शेवंती ओरडली.

"नाही सोडत, काकी. टेम्पो बोलवा."

टेम्पोत, इस्पितळाच्या जिन्यात, टेबलावर, कुठेच ती मूठ हलली नाही. वनमालाच्या कोपरावरून तिचे स्वतःचे रक्त ठिबकत होते. सर्जन म्हणाले, "सिस्टर, सोडा आता."

"आधी रक्तवाहिनीला चिमटा लावा, डॉक्टर. मग सोडते."

"इथे हुकूम माझा आहे!"

"असेल. आधी चिमटा."

चिमटा लागला. तिची आखडलेली बोटे दोन परिचारिकांना एकेक करून उलगडावी लागली. तिचा उजवा हात पुन्हा कधी खांद्याच्या वर जाणार नव्हता.

तिसऱ्या दिवशी शेवंती तिच्या खाटेशी आली.

"जयवंत बोललो," ती म्हणाली. "पाणी मागितल्यान."

वनमालाने डोळे मिटले.

"माझो जीव माका गावलो गो, चेडवा. आता तुझ्याकडे माझां कायएक रवलां नाय."